घड्याळजीच्या पापण्या

४ जून

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद. मी आणि तुझी आत्या खुशाल आहोत. हे फोनवर विचारणार होतो, पण फोन आला की आत्या कान टवकारून शेजारी बसते, आणि विषय तिच्यासमोर काढण्यासारखा नाही. तू हसशील. हस, पण तिकडेच हस.

माझ्या पापण्यांचे केस तुला माहीत आहेत, छपराच्या पत्र्यासारखे सरळ खाली. तरुणपणी अडचण नव्हती. आता वयाने पापणीच खाली आली आहे, त्यामुळे डोळ्याला भिंग लावलं की केस काचेवर घासतात, काच तेलकट होते आणि समोर धुकं. दीडेक महिन्यापूर्वी एका बाईंच्या नाजूक घड्याळाची केसाएवढी स्प्रिंग माझ्या हातून वाकली. त्यांच्यासमोर मला मान वर करवेना. मग चिडून कात्रीने केस छाटले, तर खुंट डोळ्याला टोचायला लागले. सोसलं. आता पुन्हा वाढलेत.

तू नाटकवाल्यांची तोंडं रंगवतेस. सरळ केस वर वळवायचे आणि तसेच ठेवायचे, असा काही उपाय पुरुषमाणसाला करता येतो का? आत्याला कळू देऊ नकोस.

जेवण वेळेवर घे. आठवण ठेव, म्हणजे आम्हालाही तुझी येत राहते.
तुझे बाबा

९ जून

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि. हसले, खोटं कशाला बोलू! रंगपटात एकटीच हसत होते, तर सगळे विचारायला लागले.

कात्री आधी आत्याच्या डब्यात टाका. सोबत कर्लर पाठवते आहे, कात्रीसारखाच धरायचा, पण कापत नाही, नुसता दाबतो. डोळा धुऊन केस अगदी कोरडे करा. कर्लर कोमट पाण्यात बुडवून पुसा आणि आधी मनगटाला लावून बघा. तिथे चटका बसला तर डोळ्यालाही बसेल. मग खाली बघा. केस मुळापाशी धरून हलकेच दाबा, दहा आकडे मोजा. नंतर मध्ये, मग टोकाशी. एकदाच मुळाशी जोरात दाबलं तर केस वळत नाहीत, काटकोनात मोडतात. वळण टिकायला बाटलीतला बिनरंगी मस्कारा मुळाकडून टोकाकडे फिरवा. तो लावल्यावर पुन्हा कर्लर लावायचा नाही हं, केस चिकटून उपटून येतात. रात्री धुऊन टाका. डोक्याच्या तेलाचा हात डोळ्याला लागला की सगळं वळण गेलंच.

दुकानात नटूनथटून बसा आणि मला कळवा. रागवायचं असेल तर रागवा, पण माया आटवू नका.
तुमची टिटवी

२८ जून

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद. पहिल्या दिवशी पापणीची कातडीच चिमटली, डोळ्यांतून धार लागली आणि समोरचा स्टेशनरीवाला सांत्वनाला आला. त्याला वाटलं घरात काही झालं. आता हात बसला आहे. दुकान उघडण्याआधी मागच्या आरशापुढे उभा राहतो, कुणी येत नाही ना ते बघून. बिनरंगी औषधाने केस संध्याकाळपर्यंत वर राहतात. पावसाळी हवेत थोडे ढेपाळतात, तेवढंच.

भिंग स्वच्छ राहतं. त्या बाईंच्या घड्याळात नवी स्प्रिंग घातली, पुन्हा त्यांच्याकडे बघून बोलता आलं. मी स्वतःशीच म्हणतो, माझा एकेक केस वाकडा झाला की लोकांचं एकेक मिनिट सरळ होतं.

आत्या म्हणते, हल्ली तू टवटवीत दिसतोस. मी म्हटलं, झोप चांगली लागते.

तुझं नवं नाटक चांगलं चाललंय असं ऐकतो. आम्हाला विसरू नकोस, एवढंच मागणं.
तुझे बाबा

२० ऑगस्ट

चि. टिटवीस,
आशीर्वाद. कर्लर आणि बाटली सोबत परत पाठवत आहे. मला आता गरज नाही. बारीक घड्याळं घेणं बंद केलं आहे, भिंतीवरची घेतो. त्याला भिंग लागत नाही. तब्येत बरी. तू फोन करायची घाई करू नकोस, कामात असशील.
बाबा

२ सप्टेंबर

चि. टिटवी हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद. बाबा असं तुटक का वागतात म्हणून तू फोनवर विचारलंस, तेव्हा तो शेजारीच होता. म्हणून लिहिते.

त्याच्या पापण्यांचं मला ठाऊक होतं. एका घरात राहून कळणार नाही होय? त्याला वाटत होतं लपलंय, मी वाटू दिलं.

महिन्यापूर्वी त्याने दुपारीच दुकान बंद केलं, इस्त्रीचा सदरा घातला, तुझ्यासाठी पिशवीभर संत्री घेतली आणि न कळवता तुझं नाटक बघायला गेला. रात्री संत्री तशीच घेऊन परत. म्हणाला, गर्दी होती. मी दोन आठवडे पिच्छा पुरवला तेव्हा बोलला. नाटकात एक घड्याळजी येतो म्हणे, कर्लरने पापण्या वळवतो, लाजतो, मुरडतो. शेजारचा माणूस मांडी थोपटून हसत होता, तर हाही हसला. दुसऱ्याच कुणाचं असेल असं वाटलं त्याला. मग तो नट म्हणाला, माझा एकेक केस वाकडा झाला की लोकांचं एकेक मिनिट सरळ होतं.

तरीही तो मागच्या दाराशी तुला भेटायला आला होता. दार अर्धवट उघडं होतं. आत तो नट तुला विचारत होता की हा घड्याळजी खरंच आहे का, आणि तू हसत म्हणालीस, आहे ना, आमच्या गल्लीतला कुणीतरी.

पोरी, मी काही जास्त लिहीत नाही. संत्री आम्ही खाल्ली नाहीत, वाळून गेली. माझा जीव आहे तुझ्यावर, म्हणूनच हे लिहायला हात धजला.
तुझी आत्या

६ सप्टेंबर

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. आत्याने सगळं कळवलं. तिच्यावर रागावू नका.

तुमच्या पत्रातला मजकूर, कुणाचा ते न सांगता, मी रंगपटात वाचून दाखवला. लोक हसले, मला बरं वाटलं. नटाने ते उचललं, टाळ्या पडल्या, दिग्दर्शकाने पाठ थोपटली. थांबव म्हणायला तोंड होतं, मी उघडलं नाही. आणि गल्लीतला कुणीतरी का म्हणाले, तर आपलं हसं होऊ नये म्हणून. त्या लोकांनी तुमच्यावर हसलेलं मला चाललं, तुम्ही माझे आहात हे कळलेलं चाललं नसतं. हे लिहिताना पेन जड झालंय.

काल तालमीला सगळे जमल्यावर सांगितलं की तो माझा बाप आहे. नट पांढराफटक पडला, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. दिग्दर्शक म्हणाला, हशा जाईल. मी म्हटलं, मग मीही जाते. त्याने कुरकुरत प्रवेश काढला. रात्रीच्या प्रयोगात त्या जागी हशा आला नाही आणि मी विंगेत खाली मान घालून उभी होते.

रविवारी येऊ का? नाही म्हणालात तरी समजेन. लोभ मागायचा हक्क उरला नाही, म्हणून या खेपेला मागत नाही.
तुमची टिटवी

११ सप्टेंबर

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद. लगेच सगळं विसरलो असं लिहिलं तर खोटं होईल. समोरून कुणी हसत गेलं की अजून वाटतं, माझ्यावरच. पण आत्याला मी अर्धंच सांगितलं होतं, उरलेलं तुला सांगतो.

तुझं बोलणं ऐकून मी दारात थिजलो होतो. दारावरच्या माणसाने अदबीने विचारलं, काका, कोण पाहिजे, आपण कोण? आणि मी म्हणालो, कुणी नाही, चुकून आलो. तू निदान गल्लीतला तरी म्हणालीस. मी तर तेवढंही म्हटलं नाही. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, मुलगी वाढवली आणि विचारल्यावर कुणी नाही! घरी येईपर्यंत मला तुझी नाही, माझीच लाज वाटत होती. तू जे केलंस ते मीही केलं, एकाच माणसाच्या बाबतीत.

रविवारी ये. आत्या तुला बोलेल, ऐकून घे. मी फार बोलणार नाही, मला जमत नाही. शेजारी बस म्हणजे झालं.

पुढच्या महिन्यात तुझ्या नाटकाला येईन, मागच्याच दाराने. दारावरच्याने पुन्हा विचारलं की सांगेन मी कोण ते, मोठ्याने. तू आत असशील तर बाहेर ये.
तुझे बाबा