सगळ्या माद्याच

सोमवार, ४

आले एकदाची! संग्रहालयाचा दुसरा मजला: पुढे कामाची खोली, मागे झोपायची, बाजूला न्हाणीघर. दार एकच, खिडकी एकच, वर जाळीचा झरोका. चौकीदारकाकांनी किल्ली देताना विचारलं, की बाई, मेलेल्या किड्यांना राखण कशाला लागते? मी म्हटलं, जिवंत माणसांपासून वाचवायला. काका मनापासून हसले. आमचं जमणार.

काम मोठं छान आहे. माझ्या आधीचे सर अर्धवट सोडून गेले, त्यांच्या पेटीत टाचणीला लावलेले अकरा पतंग आहेत. मळकट राखाडी, पंखाच्या टोकाला फिकट गुलाबी डाग. सगळे ग्रंथ पालथे घातले, असा पतंग कुठेच नाही. नवी जात! अठरा वर्षं या धंद्यात डोळे फोडले त्याचं चीज झालं.

फोटो पाठवला, तर फोनवर नवरा म्हणाला, की तुझ्यासारखाच दिसतोय, मळकट पण दुर्मीळ. आठ वर्षांच्या ठकीने लगेच हक्क सांगितला, की पतंगाला तिचंच नाव द्यायचं. दिलं म्हटलं. सहा आठवडे इकडे फिरकायचं नाही, मला काम करू द्या, असं दोघांना बजावलंय. ठकी थोडी रुसली.

मंगळवार, ५

दिवसभर मापं घेतली. पंख, मिशा, पाय, खवले. सोंड मुळीच नाही. म्हणजे कोशातून बाहेर पडल्यावर हे काही खातच नाहीत. असे पतंग असतात, त्यात नवल नाही.

नवल हे, की अकराच्या अकरा माद्या. आणि नर नसेल तर आमचं घोडं अडतं. नराच्या शेपटाकडचे अवयव पाहिल्याशिवाय जात पक्की ठरत नाही. नर हवाच.

गुरुवार, ७

नशीब जोरावर आहे. कपाटात आत, मागच्या फळीला एक कोश चिकटलेला होता, त्यातून आज सकाळी जिवंत मादी बाहेर आली! आता आमची जुनी युक्ती. ताजी मादी जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायची आणि वाट पाहायची. ती नुसती बसते, शेपूट किंचित उचलते आणि वास सोडते. आमच्यात याला ‘साद घालणं’ म्हणतात. आपल्याला काही जाणवत नाही, पण तिच्या जातीचे नर मैलोन्‌मैल उडत येतात. फक्त तिच्याच जातीचे. बाकीच्यांना त्या वासाचा पत्ताही नसतो.

मादी निसटू नये म्हणून दाराच्या, खिडकीच्या फटींना आतून पट्ट्या चिकटवल्या. वास बाहेर जायला झरोका उघडा आहे. आमची बाई दिवसाउजेडी साद घालते, बरोबर अकराला. समोर खुर्ची टाकून बसले आणि जेवायचं विसरलेच.

शनिवार, ९

नर नाही.

नवऱ्याचा फोन. ठकी कालपासून सांगतेय, अकरा वाजले की घरात आईचा वास येतो. म्हटलं, माझं जुनं पांघरूण धुवा. तो हसला नाही. म्हणाला, मलाही येतोय.

दोन दिवस भूक नाही. काकांनी दाराबाहेर डबा ठेवला. पट्ट्या काढायच्या नव्हत्या, म्हणून आतूनच नको म्हटलं. तेव्हा ते दारापलीकडून सांगत बसले. जुन्या सरांचंही असंच होतं म्हणे, डबा तसाच परत जायचा. मग एक दिवस त्यांची बायको, म्हातारा भाऊ आणि धाकटी लेक, सगळे न सांगता येऊन थडकले. काकांनीच त्यांना वर आणून सोडलं. खाली उतरताना पाहिलं नाही. काकांची पाळी संपली होती. गेले असतील, म्हणाले.

मी विचारलं, खोलीतून काही वास येतो का? ते म्हणाले, छे, कसलाच नाही.

सोमवार, ११

कोशाचं वर्णन राहिलं होतं म्हणून रिकामा कोश सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पुष्कळ अळ्या कोश विणताना रेशमात केस गुंफतात, त्यामुळे आधी काही वाटलं नाही. नेहमीप्रमाणे प्रकार मोजले. चार. जाड पिकलेला. आखूड काळा. लांब, कलप लावलेला, मुळाशी पांढरा. आणि एक मऊ, तपकिरी, फार बारीक.

ठकीच्या फणीत असेच निघतात.

कपाट सरकवलं. मागे चार चपला-बुटांचे जोड होते, सगळे पांढऱ्या धाग्यात गुंडाळलेले. एक लहान, बकलाचा.

दाराकडे धावले. पट्ट्या सुटल्या, पण त्यांच्याखाली रेशीम आहे. जाड, चिवट. नमुने कापायच्या सुरीने कापतेय, तेवढ्यात पुन्हा विणलं जातंय. आत कोण विणतंय ते दिसत नाही. खिडकीचंही तेच. फोनला रेंज येत नाही. घसा फाटेस्तोवर ओरडले. पलीकडून काका शीळ घालत जिना उतरून गेले.

मंगळवार, १२ — सकाळ

पिंजऱ्यातली मादी मेलीय. कधीची कोण जाणे, पाय वाळलेत. मग अकराला साद कोण घालतंय?

मनगट हुंगलं. माझा वास. ठकीला कुशीत घेतल्यावर ती जो हुंगते, तो. पण दाट. खोलीभर.

कळलं. नरासाठी मी मादी ठेवली, आणि मला इथे कोणीतरी — काकांना वास येत नाही, कारण ते माझे कोणी नाहीत. ज्यांना येतो ते माझे आहेत. माझी दोन माणसं.

दुपार

रेंज आली. नवऱ्याला फोन केला. येऊ नका. काय वाटेल ते होवो, ठकीला आणू नकोस. तिला लांब ने, माझ्या बहिणीकडे ने, माझ्या हाती मरशील आलास तर. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. झोपेत बोलावं तसं म्हणाला, नाही गं येत. मागून ठकी विचारत होती, बाबा, अजून किती स्टेशनं?

पोलिसांना लावायला गेले. फोन आत्ताच टेबलावर ठेवला होता. आता तिथे एक पांढरं गाठोडं आहे.

बुधवार, १३

झरोका बुजवायला उशी घेऊन स्टुलावर चढले. हात वर जात नाहीत. पायांना खुर्चीत बसायचंय. अरे ठकीच्या बाबा, हट्टी आहेस तू, पण आज एकदा हट्ट सोड रे, अर्ध्या वाटेवरून परत जा —

पावणेअकरा

खुर्चीत आहे. कधी बसले ठाऊक नाही. लिहायला उजवा हात अजून ऐकतो.

नको. नको. ठकी, नको गं.

अकरा

जिन्यावर पावलं. काका पुढे, बोलतायत — बाईंना किती आनंद होईल — मागे त्याची, आणि उड्या मारत येणारी —

श्वास धरून पाहिला. वास थांबत नाही. तो श्वासातून येत नाही, माझ्यातून —

हाक मारतेय. आई. आई गं.

तोंड उघडलं तर ओच निघेल. ओ द्यायची नाही. दात घट्ट दाबलेत. ओ दिली नाही तर वाटेल आत कोणी नाही, जाईल, परत —

आणि मला आनंद होतोय. देवा, मला इतका आनंद होतोय, ती आली म्हणून —

काकांनी दार ढकललं. बाहेरून ते किती सहज

ठकी, आत पाऊल टाकू न