आवाज गेल्यावरची भाकर

प्रिय दादा,

"तुझा देव तुझ्या घशात राहतो," असं तू चिडवायचास. घशाच्या ऑपरेशननंतर आवाज गेला, तेव्हा वाटलं, दादाचंच खरं! चर्चचं व्यासपीठ गाजवणारा हा पाळक आतून कोरडा ठणठणीत झाला होता.

आज चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या विधीला प्रथमच लोकांमध्ये बाकावर बसलो. एरवी मी सगळ्यांना भाकर वाटायचो आणि शेवटी स्वतःची स्वतःच घ्यायचो. आज नव्या पाळकानं ती माझ्या तळहातावर ठेवली. "काका, ख्रिस्ताचं शरीर. तुमच्यासाठी."

तुमच्यासाठी! जन्मभर मी हे गर्जत आलो. मला कुणी म्हटलंच नव्हतं. मी लेकरासारखा रडलो आणि हलका झालो.

दादा, देव घशात राहत नाही. हे पत्र पोस्टात टाकत नाही, मी स्वतःच घेऊन येतो. कुजबुजेन, तेवढा कान जवळ आण.

तुझा, अखेर गप्प बसलेला,
धाकटा