शिक्षणाचा रकाना

रत्नागिरी,
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय आनंदा,

सप्रेम नमस्कार. तुमच्या देवरूखकडे आता थंडी पडली असेल. भात झोडून झालं का? वहिनींचा गुडघा कसा आहे? आम्ही सगळी ठीक. मिरकरवाडा बंदरात यंदा बांगडा बरा लागला.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितोय. ऋतिका तुला ते वाचून दाखवील. ऋतिका बाय, बाबा मध्येच उठून पडवीत गेले तर मागोमाग जा, पण शेवटपर्यंत वाच.

आपल्या मासळीच्या कारखान्यात शीतगृहाचा नवा कॉम्प्रेसर सुरू झाला. 'यंत्र आणा, पण माणसाला काढण्याआधी शिकवा' ही मागणी घेऊन आपण दोघे गेटवर किती दिवस बसलो होतो, आठवतं ना? तो वर्ग झाला, तोही कामाच्या वेळेत. बत्तीसपैकी अठ्ठावीस जण शिकले. वीस वर्षं कोळंबी सोलणारी विमला आता पडद्यावर शीतगृहाचं तापमान बघते. तिने पेढे आणले होते. माझ्या वाटचा मी खाल्ला नाही.

कारण उरलेल्या चौघांना वर्गात घेतलंच नाही. जुलैत सरळ कपातीचं पत्र हातात दिलं. त्यात तू.

गेटवर तू मला म्हणालास, "मह्या, माझा कोणीतरी सांगितलान रे सायबाला." मी नुसती मान हलवली.

आनंदा, ते मी सांगितलं.

वर्गाच्या आधी साहेबांनी युनियनकडे यादी मागितली. नाव, खातं, शिक्षण. बावीस वर्षं तुझे रजेचे अर्ज मी लिहिले, पीएफचे फॉर्म मी भरले. "ह्या कोणाला बोलू नको हां," असं तू पहिल्याच दिवशी म्हणाला होतास आणि मी घरातसुद्धा बोललो नाही. त्या दिवशी मात्र तुझ्या आणि आणखी तिघांच्या नावापुढे लिहिलं, 'लिहिता-वाचता येत नाही.' मला वाटलं, असं लेखी दिलं म्हणजे तुम्हा चौघांसाठी वेगळा मास्तर मागता येईल, तोंडी परीक्षा मागता येईल. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास, हे माहीत होतं. म्हणूनच विचारलं नाही.

त्यांनी त्याच यादीवरून माणसं काढली. भांडायला गेलो तर साहेब म्हणाले, "सही तुमचीच आहे, सेक्रेटरी." शीतगृहातली अमोनियाची गळती नेमकी कुठे आहे ते नुसत्या वासावरून ओळखणाऱ्या तुझ्यासारख्या माणसासाठी त्या यादीत रकानाच नव्हता. मीही तो मागितला नाही. मुंबईहून आलेले आपले पुढारी म्हणतात, "अठ्ठावीस वाचले ते बघा." चार महिने हेच ऐकतोय. डोकं उठलंय. आणि रात्रंदिवस ज्याच्यावर चिडतोय तो मीच आहे.

गेल्या रविवारी सभेत सगळ्यांसमोर सांगून टाकलं. वर्गात शिकलेला सुजय उठून म्हणाला, "मग आम्ही तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा?" मी तिथेच सेक्रेटरीपद सोडलं.

त्याआधी कामगार कार्यालयात तक्रार लावून धरली होती, तिथे एवढं पदरात पडलं: चौघांना वर्ग मिळणार, २ डिसेंबरपासून. परीक्षा तोंडी, आणि यंत्रावर. पास झालात तर काम परत, नापास झालात तर कपात कायम. युनियनच्या खोलीत संध्याकाळी लिहायला-वाचायला शिकवायला एक बाई येणार आहेत, ते मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर. तुम्हा चौघांतले जनी आणि बाबल्या येतो म्हणाले. तिसरा मुंबईला गेला, तो येणार नाही.

हे उपकार नाहीत. तुझ्या हक्काचं आहे, माझ्यामुळे लांबलं. पन्नाशीनंतर बाकावर बसायची लाज वाटते म्हणशील, तर मीही बसणार आहे. त्या पडद्यावरचं मलाही धड कळत नाही.

नावं २५ तारखेपर्यंत द्यायची आहेत. या वेळी तुझं नाव मी कुठेही लिहिलेलं नाही. तू हो म्हणालास तरच लिहीन.

ऋतिका, हे ऐकून बाबा जे बोलतील ते जसंच्या तसं लिहून पाठव. शिवी असली तरी गाळू नकोस.

तुझा म्हणवून घ्यायला आता कचरणारा,
महिपत