काकीच्या भाताजवळचा दिवा

२३ सप्टेंबर
सकाळी साडेसहा. रात्रभर लावलेल्या दिव्याखालचा पतंगांचा सापळा उघडला. बादलीतले अंड्यांचे पुठ्ठे एकेक उचलून बघेपर्यंत चहा गार. ४१ पतंग, १९ प्रकार, नावं माहीत असलेले ७. बाकी "तपकिरी, लहान" आणि "तपकिरी, जरा कमी लहान". कण्हेरीवरचा मोठा हिरवा एक. हातावर थरथरत बसला, गरम झाला, गेला.
फोटो मेघनाला. ती पेणला तिच्या बागेत असाच दिवा लावते, मी इथे रोह्याला. दिवाळीपर्यंत दोघींच्या याद्या जुळवायच्या. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, मी धाटावला कंपनीच्या लॅबमध्ये. म्हणजे विचारायचं मी, सांगायचं तिने. आजचं तिचं उत्तर : "अगं, मलाही नाही माहीत."

२५ सप्टें.
३३. त्यात १४ एकसारखे. फिके पिवळे, दोन्ही पंखांवर एकेक काळा ठिपका. बरं वाटलं, ओळखायला सोपे. सोडले.

२६ सप्टें.
शेजारची यशोदाकाकी मधल्या दगडी गडग्यापाशी आली. पलीकडची भाताची तीन खाचरं तिची.
"काय करतेस गो रोज बादलीत तोंड घालून?"
हौसेने पुठ्ठा तिच्या हातात दिला. तिने डोळ्यांजवळ धरला.
"ह्यो तर खोडकिड्याचा पाखरू. ह्यो तू धरतेस?"
"हो."
"आनि मग?"
"मोजते. फोटो काढते. सोडते."
"कुठं?"
मी बोट दाखवलं. गडग्याच्या कडेची झुडपं. तिथून तिचं भात चार पावलं.
पुठ्ठा परत दिला. जाताना एवढंच, "लोंबी भरायची हाय अजून."
मला कसं सुचलं नाही? भाताचं खोड आतून पोखरतो तो खोडकिडा, हा शब्द माहीत होता. पतंग माहीत होता. दोन्ही एकच, हे

२७ सप्टें.
दिवा लावला नाही. यादीत रेघ मारली. मेघनाला कळवलं, तर फोन. "खंड पाडू नकोस गं. उजेड लांबून ओढत नाही, फार तर पंधरा-वीस पावलांवरून. जे आले ते तिथलेच होते."
पण पंधरा-वीस पावलांवर तर तिचं भातच आहे.

२९ सप्टें.
शेतकऱ्यांच्या सोसायटीत कृषी सहायक आले होते. मुद्दाम थांबून माझ्या दिव्याबद्दल विचारलं. खूश झाले. "छान! प्रकाश सापळा आम्हीच लावायला सांगतो. खाली पाणी, त्यात थोडं रॉकेल. सकाळी सगळे मेलेले."
"मी सोडते."
"सोडता? मग लावता कशाला?"
हसून निघाले. घरी येऊनही तोच प्रश्न.
तर दिवा चांगला, मी वाईट? की दिवाही

१ ऑक्टोबर
परत लावला. लावला तर निदान कळेल किती आहेत, असं मनाशी म्हटलं. नाही लावला तर ते नसतात थोडेच.
२२ पिवळे. डबीत भरून स्कूटीवरून नदीपलीकडे नेले आणि सोडायच्या आधी दिसलं, तिथेही भात. कुणाचं तरी. डबी तशीच घेऊन लॅबला गेले. दुपारी उघडली तेव्हा बरेचसे मेले होते. प्रश्न सुटला म्हणायचं का?

३ ऑक्टो.
काकीच्या भातात पांढऱ्या लोंब्या. गडग्यावरून दिसतात. हिरव्या-पिवळ्यात उभ्या ताठ, पांढऱ्याफटक, आत दाणा नाही. इथे त्याला पळींज म्हणतात.
काकी बांधावर उभी होती. एक लोंबी ओढली, अलगद हातात आली. बुडखा कुरतडलेला. माझ्याकडे बघितलं नाही. मी घरात आले.

४ ऑक्टो.
लिहूनच टाकते.
श्रावणात काकी म्हणाली होती, मधले फुटवे सुकतायत, फवारू का. (तोही खोडकिडाच असणार.) मी म्हटलं होतं, नको काकी, आता मारलंस तर कोळी-चतुर मरतील, तेच कीड खातात, निसर्ग सांभाळून घेतो. वर मोठ्या तोंडाने, "मी केमिस्ट आहे, मला माहीत आहे त्या बाटलीत काय असतं."
ते खरं होतं. पण त्याच आठवड्यात दिव्याची नळी मागवली होती. फवारा इकडे उडाला तर माझे पतंग जातील, हे तेव्हा डोक्यात होतं की आज घुसतंय? आठवायला जावं तर दोन्ही आठवतं.
मी नवी होते इथे, कावीळ झाली तेव्हा पंधरा दिवस पेज तिने दिली. त्या बाईला मी सल्ला दिला.

५ ऑक्टो.
रविवार. काकी बाजारात गेलेली बघून भातात उतरले. चोरासारखी. गडग्याकडच्या पन्नास लोंब्यांत ९ पांढऱ्या. मध्ये १०. पलीकडच्या टोकाला ६. माझ्या दिव्यामुळे असतं तर मध्ये जास्त कशा? नसतं तर टोकाला कमी का? लॅबमध्ये असे आकडे आले तर मी सांगते, नमुना पुन्हा काढा. इथे पुन्हा कुठून काढू.

७ ऑक्टो.
आज मारले. साबणाच्या पाण्यात, ३१. पिवळे होते आणि पांढरेही, ठिपका नसलेले. तेही त्यातलेच दिसले म्हणून.
ते लगेच नाही बुडत.
फोटो मेघनाला. संध्याकाळी उत्तर : "पांढरे का मारलेस? ते लव्हाळ्यावरचे असतील. किंवा भातावरचेही असू शकतात. फोटोवरून सांगता नाही येत गं."
माझ्या यादीत काय लिहू? "पांढरे, ११, माहीत नाही."

८ ऑक्टो.
माझा नवरा राजन डोलवीच्या कारखान्यातून नाइट करून आला. त्याला सगळं सांगितलं, श्रावणातलंसुद्धा. बूट काढता काढता ऐकत होता. म्हणाला, "काकीला सांगायचं तर सांग, नाहीतर विसर. मला कशाला सांगतेस? मी झोपू का?"
बरोबर आहे. राग आला तरी.

१२ ऑक्टो.
तीन दिवस पाऊस. परतीचा, आडवा. काकीचं मधलं खाचर झोपलं. शेजारच्यांचंही. आता पळींज किती आणि आडवं पडून गेलं किती, कोण सांगणार? क्षणभर हलकं वाटलं. मग त्या हलकं वाटण्याची लाज.

१९ ऑक्टो.
कापणी. रविवारच होता, गेले. काकी नको म्हणाली नाही, विळा दिला. दोन तासांत कंबर गेली. तिची अजून चालूच. पेंढ्या बांधताना ती पांढऱ्या लोंब्या वेगळ्या करत नव्हती, सगळं एकत्र. विचारलं तर म्हणाली, "गुरांना काय कळतंय."

२३ ऑक्टो.
झोडणी झाली. गेल्या वर्षीपेक्षा पाच पोती कमी. आळीत सगळ्यांचंच कमी, कुणाचं तीन, कुणाचं सात. काकी पाचावर. मधोमध. मुद्दाम केल्यासारखं.

२५ ऑक्टो.
सांगितलं.
ती पडवीत सूप घेऊन बसली होती. उभ्यानेच म्हटलं, काकी, श्रावणात मी फवारू नको म्हटलं होतं. ते तुझ्यासाठी म्हटलं की माझ्या पाखरांसाठी, मला माहीत नाही. पण मी म्हटलं होतं.
सूप थांबलं नाही.
"व्हय, म्हनली व्हतीस."
"मग?"
"मग काय? तुजं ऐकून नाय ऱ्हायले मी. फवारायचा पंप बिघडला व्हता. दट्ट्याच वढत नव्हता." सूप दोनदा पाखडलं. "मी कवा कुनाचं ऐकलंय गो? तुज्या काकाचं नाय ऐकलं."
हसली. मीही हसले, कारण तिने हसायला जागा केली. मग घरी येऊन रडले. राजनने विचारलं, काय म्हणाली? म्हटलं, पंप बिघडला होता. "मग सुटलीस की," तो म्हणाला.
सुटले का?

२६ ऑक्टो.
मेघनाला सांगितलं, माझ्या यादीत खाडे आहेत, काही रात्रींचे मी मारलेत, काहींचे ओळखलेले नाहीत. तिच्या यादीशी जुळायची नाही. ती म्हणाली, "तसंच लिही. कारणासकट." तिच्याकडे पेणला पिवळे एकूण सहाच आले. तिच्या बागेभोवती भात नाही, बंगले आहेत. यातूनही काही कळत असेल. मला नाही कळलं.

२८ ऑक्टो.
काकीने नव्या तांदळाची पेज धाडली होती, तिचं रिकामं पातेलं परत द्यायला गेले. ती आत चुलीपाशी. पडवीत खुंटीला फवारणीचा पंप टांगलेला. पट्टा नवा. दांडा माझ्या हाताच्या उंचीवर.
एकदा खालीवर केला असता तर कळलं असतं. दट्ट्याने ओढलं नाही, तर ती खरं बोलली. ओढलं, तर श्रावणात तिने माझंच

नाहीतर नंतर दुरुस्त केला असेल. तसंही असू शकतं.

हात वर गेला होता. आतून आवाज आला, "कोन गो? उभी का? बस, चाय टाकलाय."
बसले.