पहिला उंदीर

चैत्र शु. ३, सोमवार (सन १३५४ फसली, इंग्रजी १९४५)
प्लेग ओसरला, माळावरच्या झोपड्या मोडून गावात आलो त्याला आठ दिवस झाले. सगळ्यांनी घरं सारवली, लिंबाचा पाला जाळला, हलगी वाजवत आत आले. लग्नाचं वऱ्हाडच. मी निलाचा हात धरून सगळ्यांच्या मागं. निलाची आई, पार्वती, प्लेगात गेली त्याला दोन महिने. तिचं लुगडं दांडीवर आहे तसंच आहे. काढवत नाही.
दुकान उघडलं. मीठ, मिरची, काड्यापेटी. घासलेट कुठंच मिळत नाही, लढाई अजून चालूच.

शु. ६, गुरुवार
उठलो की पहिलं निलाच्या काखेत हात घालून बघतो. गाठ नाही. मग गळा, मग कपाळ. दुपारी पुन्हा. आज म्हणाली, "अप्पा, बास की आता. गुदगुल्या होत्यात." आठ वर्षांची पोर. ती हसली आणि मला रडू आलं.
पोत्यामागं खसखस झाली. वाटलं, उंदीर. सगळी पोती बाहेर काढून परत लावली. चिमणी होती. ज्ञानू न्हावी समोरून बघत होता. "शेट, चिमणीला भेता व्हय?" गिऱ्हाइकं हसली. हसोत बापडी.

शु. १०, सोमवार
गोदाक्का परटीण दारावरून गेली. तिला आता कोणी धुणं देत नाही. गाव म्हणतं, बार्शीला बहिणीकडं गेली, तिकडचे कपडे आणले, त्यातनं रोग आला. तिचा स्वतःचा नवरा माळावर प्लेगानंच वारला, तरी तेच म्हणतात. बायका तिला आडावर घागर लावू देत नाहीत. ओढ्याचं पाणी पिते.
मी मान खाली घालून मिरची मापत बसलो. चोराच्या मनात चांदणं.

पौर्णिमा, शनिवार
इतके दिवस या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं. आज लिहितो.
पहिला उंदीर माझ्या दुकानात मरून पडला. बुधवारी सकाळी, मिरचीच्या पोत्याजवळ. गोदाक्का बार्शीहून आली ती गुरुवारी.
उंदीर पडला की तडक पाटलांना सांगायचं, त्याच दिवशी गाव बाहेर काढायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण दुसऱ्या दिवशी बाजार होता. माल भरून ठेवलेला. म्हटलं, एवढा बाजार होऊन जाऊ दे. चिमट्यानं उचलला, राखेच्या टोपलीत घातला, मागच्या खड्ड्यात टाकून आलो. पार्वतीला म्हणालो, बोलू नको. ती बोलली नाही. त्या दिवशी दुकान तिनंच झाडलं.
रविवारी देवळात उंदीर पडले तेव्हा गाव उठलं. मधे चार दिवस. त्या चार दिवसांत गाव बाहेर गेलं असतं तर कोण कोण आज असतं? पा. असती. गोदाक्काचा नवरा असता. पुढची नावं लिहवत...

वद्य २, सोमवार
लोहाऱ्याला दवाखान्यात गेलो. झोप नाही, घास उतरत नाही, हात कापतात, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी जीभ बघितली, कडू डोस दिला. म्हणाले, "प्लेगनंतर असे फार लोक येतात. भीती आहे, जाईल." भीती जाईल. बाकीचं?
परत येताना मठात. स्वामींनी विभूती लावली, म्हणाले नामस्मरण करा. करतो. नाम घेता घेता मधेच चिमटा आठवतो.
निलाला शेजारी ठेवून गेलो होतो. आल्या आल्या काख बघितली. या वेळी ती हसली नाही. नुसता हात वर करून उभी राहिली.

वद्य ६, शुक्रवार
ओढ्यावर गेलो. गोदाक्का एकटीच, स्वतःचं एक जुनेर धूत होती. मला बघून उठून बाजूला झाली, माझ्यावर सावली पडू नये म्हणून. तिथंच माझं अवसान गळालं. घडाघडा सगळं सांगितलं. उंदीर, राख, बाजार.
ती ऐकत होती. हातातला पिळा तसाच. मग म्हणाली,
"ठावं हाय मला, शेट."
"कुणी सांगितलं?"
"पारवतीअक्कानं. माळावर. तुमी औषधाला लोहाऱ्याला गेलतासा, तवा म्याच पानी पाजलं न्हवं तिला. तापात हात धरून सांगितलं."
म्हटलं, मग तू बोलली का नाहीस गावात?
"परटिनीचं कोन ऐकतंय? आन् तुमची पोर येती की हिकडं भाकरी घिऊन, चोरून. तिच्या तोंडाकडं बगून जीभ उचलत न्हाय."
निला भाकरी नेते हे मला माहीत नव्हतं.
मी म्हणालो, "अक्का, मी गावाला सांगतो." ती जुनेर पुन्हा पाण्यात बुडवत म्हणाली, "सांगा न्हाय तर ऱ्हावू द्या. माजा मानूस काय आता येत न्हाय."
शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वद्य ९, सोमवार
भर दिवसा धुण्याचं गाठोडं घेऊन गोदाक्काच्या दारात गेलो. मुद्दाम देवळासमोरून. पा. चं लुगडंही दिलं. सगळ्यांनी बघितलं. वाटलं, निम्मं तरी फेडलं. कसलं निम्मं! सांगण्याचं धाडस नाही म्हणून धुणं दिलं.
संध्याकाळी निला रडत आली. "पोरी म्हनत्यात, हिचं धुनं परटिनीकडं हाय, शिवू नगा हिला. अप्पा, माज्यात काय हाय?" जवळ घेतलं. काही नाही गं तुझ्यात, म्हणालो. खरं तेच.
दिवसभरात एकही गिऱ्हाईक नाही.

वद्य १०, मंगळवार
पाटील स्वतः दुकानी आले. बाजेवर बसले, गूळ-पाणी घेतलं. म्हणाले, "शेट, तुमी भोळं मानूस. बाईच्या दुःखात ध्यान ऱ्हायलं न्हाय तुमचं. झालं गेलं सोडा." मग मुद्द्यावर आले. पंचांनी ठरवलंय, गोदाक्काला गावात राहू द्यायचं नाही. तहशिलीत अर्ज द्यायचा. गावात माझं अक्षर चांगलं. तेव्हा अर्ज मीच लिहायचा, पहिली सही माझी. म्हणजे गावाचाही माझ्यावरचा राग जाईल.
मी हो म्हणालो. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो बाहेर पडलं. पाटलांनी पाठीवर हात ठेवला. "पोरीचा इचार करा."
त्याचाच तर करतोय. आज तिची काख तीनदा बघितली.

वद्य ११, बुधवार
सकाळी आन्हिक उरकून कागद घेऊन बसलो. पाटलांनी सांगितलेला मजकूर तोंडपाठ आहे. टाक बुडवला. उतरलं ते भलतंच:
"उंदीर बुधवारी पडला, माझ्या दुकानात. गोदाबाई गुरुवारी आली."
पुढं टाक चालेना. सही केली नाही. फाडलाही नाही.
हे पंचांपुढं वाचून दाखवलं तर उद्यापासून दुकान बंद. ते सोसेन. पण निलाला आडावर कोण उभं करेल? तिच्या लग्नाला कोण येईल? आणि नाही वाचलं तर पावसाच्या आधी गोदाक्का बोचकं घेऊन चालू लागेल, आणि निला विचारेल, कुठं गेली?
निला आत्ता चुलीपुढं बसून भाकरी थापते आहे. वेड्यावाकड्या. एक जास्तीची थापली, बायका पदराखाली घेतात तशी परकराच्या ओच्यात घेतली. मी बघतोय हे तिला कळलं. थांबली. मी कागदाकडं मान वळवली, मग गेली ओढ्याकडं.
पाटलांचा कोतवाल आलाय अर्ज न्यायला. ओट्यावर बसून बिडी ओढतोय. म्हणतो, "सावकाश लिवा, शेट. म्या बसतो."