साबुकंद आणि मामींचं मौन

काष्टी, मंगळवार

साडूभाऊ कानिफनाथ यांना पुंजारामचा रामराम. सेलमला उकाडा कसा आहे? धनश्रीताईंचा गुडघा काय म्हणतो? इकडे सगळे जिवंत आहेत. हे वाक्य सहज लिहिलेलं नाही. काल तुमच्याशी बोलता बोलता मोबाईल गुरांच्या हौदात पडला, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी तुम्ही साबुदाण्याचं झाड म्हणून कांड्या पाठवल्यात, त्या मी बांधाला लावल्या. झाडं डोक्याएवढी झाली, पण दाणा काही धरेना. (ज्वारीसारखं कणीस येईल म्हणून मी बुजगावणंसुद्धा उभं केलं होतं. पाखरं त्याच्यावरच बसायची.) आपल्या सासूबाई, पुष्पावतीमामी, रोज म्हणायच्या, नुसता पाला हाय, उपटा. काल त्यांनी स्वतःच एक झाड उपटलं, तर खाली मनगटाएवढे कंद. उपासाला रताळं चालतं मग हेही चालणारच, असा हिशेब करून मामींनी त्याचाच फराळ केला. हिशेब काय केला ते मी आपलं अंदाजाने सांगतो, कारण श्रावणी सोमवारी उपास सुटेपर्यंत मामींचं मौन असतं. (घरात बाकीच्यांना हा वार फार आवडतो.)

तेवढ्यात तुमचा फोन. कच्चा कंद खाऊ नका, विष असतं, एवढं ऐकलं आणि मोबाईल हौदात. मी धावत घरात. बघतो तर मामी पाटावर, पुढ्यात साली आणि चूल गार. विचारलं, कच्चा खाल्लात का शिजवून? मामींनी होकारार्थी मान हलवली. आता ही मान नेमकी कशाला? प्रश्नच माझा दुतोंडी. आमच्या राजेश्वरीने आईला नीट करून विचारलं, पण खुणेनेही व्रत मोडतं असं मनात येऊन की काय, मामींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. लग्नापासून या बाईशी माझं एक मत जुळलेलं नाही, पण आता ती कधी बोललीच नाही तर, या विचाराने मी शेजारच्या छगनकडे पळत सुटलो.

त्याचा टेम्पो दारात आणला. छगनने खांदे धरले, मी पाय धरले (मनापासून, पहिल्यांदाच). मामींनी दाराची चौकट धरली आणि मग मौन सुटलं. "जावईबापू, शेंदेलोण घालून उकडून खाल्लाय. पाय सोडा माजा!" (गॅसवर उकडला होता. चूल बघून घाबरणारा मी एकटाच.) पुढे बुजगावण्यापासून माझ्या आजोबांपर्यंत सगळ्यांचा उद्धार झाला. मी उंबऱ्यावर बसून ऐकत होतो. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

तुमचा,
पुंजाराम

ता.क. कंद चवीला बरा आहे, कांड्या अजून पाठवा. मोडलेलं व्रत पुन्हा धरायचं नाही, असं मामी म्हणतात. म्हणजे आता सोमवारही गेला.

आणखी ता.क. मुख्य राहिलंच. आपल्या ठरावाप्रमाणे दिवाळीनंतर मामींना तुमच्याकडे ठेवायची पाळी. (ठराव मीच भांडून करून घेतला होता.) तर तुम्ही त्यांना कळवा, की घर अडचणीचं आहे, पाणी बाधतं, काहीही. मी राहा म्हणालो, तर हट्टाने सेलमला निघतील.