हवा गाळायची पेटी

वाल्मिकराव मेहुणे यांस, सिद्धगडाच्या पायथ्याकडून नामदेवाचा रामराम. तुमी, वहिनी आणि पोरं खुशाल असाल. आमी बरे आहोत, म्हैस बरी आहे, आणि मुख्य म्हणजे तुमच्या आक्काचा खोकला निम्म्यावर आलाय. (दिवाळीपर्यंत खोकला थांबला नाय तर आक्काला डोंबिवलीला घेऊन जाईन, असा दम तुमी दिला होता. तो कृपा करून मागं घ्या. ती गेली तर या घरात माझं कोण आहे? म्हैस काय बोलत नाय.)

ही सगळी करणी तुमी दिलेल्या हवा गाळायच्या पेटीची. ती माजघरात मांडली तुमच्या आक्कानंच. मी शॉकच्या भीतीनं उंबऱ्याबाहेर उभा होतो. बटण दाबलं, निळा दिवा लागला. आक्कानं चुलीत लाकूड सारलं, दिवा लाल! लाल दिवा मी आजवर फक्त साहेबाच्या गाडीवर बघितलेला, त्यामुळं आपसूक टोपी सारखी केली. शेजारची गोजर मिश्री भाजायला तवा घेऊन बसली, दिवा लाल. नथू बिडी सोडल्याची शपथ घेत आत आला, दिवा लाल. त्याच्या बायकोनं तिथंच त्याच्या खिशातून बंडल काढलं. आता अख्खं गाव ओटीवरूनच बोलतं. खोटं पकडायला भगताला कोंबडं तरी लागतं, या पेटीला नुसती वीज पुरते. (तीही लोडशेडिंगमधून उरेल तेवढी.)

हवा म्हणजे जी दिसत नाय ती, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. पण आमच्या घरात ती चांगली दिसत होती. वासे काळे करून बसली होती. आमी तिला धूर म्हणायचो आणि सोडून द्यायचो. आता दोन्ही वेळच्या सैपाकाला तो लाल दिवा बघून माझा जीव धसकायला लागला. आक्का नुसती पेटीकडं बघून तोंडाला पदर लावायची. शेवटी भाताची लावणी उरकल्यावर मी मागच्या अंगाला पत्रे टाकून पडवी काढली आणि चूल तिकडं नेली. त्या दिवसापासून दिवा निळा, आणि आक्काला रात्रीची झोप लागते. एवढीशी पेटी, पण काय तिची नजर! मी तिला उदबत्ती ओवाळायचो, पण उदबत्तीनंही ती लाल होते, म्हणून आता लांबूनच हात जोडतो.

आपला,
नामदेव

ता. क. : पत्र लिहायचं कारण राहिलंच. पेटी साफ करावी म्हणून काल मागचं झाकण काढलं. गाळणी काळीकुट्ट निघणार म्हणून खाली पेपर अंथरला. बघतो तर गाळणी पांढरीशुभ्र, कारखान्यातून आली तशी प्लास्टिकच्या पिशवीत बंद! पेटीनं इतके महिने नुसता दिवा लावलाय. आक्काला यातलं काय ठाऊक नाय. कळलं तर पेटीवरचा विश्वास उडंल आणि चूल परत घरात येईल. दिवाळीला आलात की पिशवी गुपचूप काढा, आणि मूग गिळून बसा.

आणखी ता. क. : पाकीट भाताच्या शितानं चिकटवायला माझ्याकडं दिलंय, म्हणून मी, तुझी आक्का गिरजा, लिहिते. वाल्मिक, पिशवी मी पयल्या दिशीच बघितली. काढली असती तर धूर गाळला जाऊन दिवा लाल राह्यला नसता. लग्नापासून मी चुलीला वेगळी पडवी मागत होते. माझे डोळे रोज लाल व्हायचे, ते ह्यांना कधी दिसले नाय. तू पिशवी काढू नको. पडवीला अजून एका बाजूनं पत्रा मारायचा राह्यलाय.